जांभळीची हाक

"हीच," अण्णा म्हणाले आणि टेबलावरची जाड काळी केबल त्यांनी आवटी मॅडमच्या पुढं सरकवली. "खोलीभर हीच टाकू. दुसरी कुठली नको."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि मॅडमकडं बघत राहिले.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, माझे यजमान. सगळी सांगली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून त्यांच्या माघारी मीही अण्णाच म्हणते. समोर आपलं 'अहो'. कॉम्प्युटरच्या केबल टाकायचा आमचा धंदा. सुरुवातीला मी नुसते फोन घ्यायची. मुलगी लग्न होऊन गेली, रिकाम्या घरात भिंतींशी किती बोलणार, म्हणून त्यांच्याबरोबर कामावर जायला लागले आणि बघता बघता सगळं शिकले. शिकवणारे तेच. शिकवताना असे ओरडायचे की एकदा मी पक्कड त्यांच्या पुढ्यात आपटून रिक्षानं घरी आले होते. पण शिकवलं मात्र काही हातचं न राखता.

आवटी मॅडम आमच्याच गावातल्या एका सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. बोलायला मऊ, कामाला कडक. पुराचं पाणी बँकेत शिरलं त्या वर्षी मशीनी उचलून वर न्यायला अण्णाच धावले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. आता बँक वरच्या मजल्यावर नवीन मशीनची खोली बांधत होती. सगळ्या शाखांचा कारभार तिथून चालणार. पुण्याची एक मोठी कंपनी टाय-बिय लावून येऊन गेली होती, संचालकांनाही तीच पसंत होती. मॅडमनी आमच्यासाठी शब्द टाकला. गावातला माणूस आहे, हाक मारली की येईल, म्हणाल्या.

अण्णांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. उभा जन्म त्यांनी कॉलेजात, पतपेढीत, कारखान्याच्या ऑफिसात केबल टाकल्या. अशी खोली कधी वाट्याला आली नव्हती. मला नेहमी म्हणायचे, अशी एक खोली आपल्या हातानं लावायची, पहिल्या जोडापासून शेवटच्या जोडापर्यंत, मग काही राहिलं नाही बघ विमल. आणि ती खोली अशी समोरून चालत आलेली असताना हा माणूस चुकीच्या केबलवर बोट ठेवून बसला होता.

चुकीची का, ते सांगते. टेबलावर तीन नमुने होते. एक ही काळी, तांब्याची. करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना धातूचे खटके बसवूनच येते, मशीनमध्ये सरकवली की खट्ट आवाज करून बसते. मजबूत, गुणाची, तापत नाही, लाड मागत नाही. पण त्या मशीनींचा वेग असा की तीनेक मीटरच्या पुढं तांब्यातून जाणारा निरोप वाटेतच फाटायला लागतो. मशीनी लोखंडी कपाटांत रचून ठेवतात, तिथं एकाच कपाटातल्या एका मशीनीतून दुसरीत जायला ती उत्तम. खोलीच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जायला नाही.

बाकीच्या दोन होत्या काचेच्या, म्हणजे फायबर. आतून उजेड धावतो, लांबवर धावतो. पण नाजूक, टोकावर धुळीचा कण बसला तरी रुसते. म्हणून प्रत्येक टोक आधी भिंगातून बघायचं, पुसायचं, मगच लावायचं. एक फिरोजी रंगाची, एक जांभळी. दोन रंग अशासाठी की अशा खोलीत प्रत्येक कपाटाला दोन वाटा ठेवतात. फिरोजी एका मुख्य मशीनीकडं जाते, जांभळी दुसरीकडं. एक मशीन पडली तरी दुसऱ्या वाटेनं काम चालू राहतं. आता चुकून दोन्ही केबली एकाच मशीनीत गेल्या, तर? सगळं छान चालतंय असंच दिसतं. आणि ज्या दिवशी ती मशीन पडते त्या दिवशी दोन्ही वाटा एकदम बंद, आणि अख्खी बँक गप्प.

हे घडू नये म्हणून अण्णांनी आमच्या कामात हाकेची पद्धत घातली होती. एकानं केबलीचं एक टोक धरून रंग ओरडायचा, "जांभळी!" दुसऱ्या टोकाच्या माणसानं आपल्या हातातलं टोक बघून तोच रंग परत म्हणायचा, "जांभळी." परत आली की मगच लावायचं. नवीन माणसांना हसू यायचं, बाजारात कोथिंबीर विकतायत काय म्हणायचे. पण आमच्या हातून वाट चुकली असं कधी झालं नव्हतं. म्हणजे त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत नव्हतं. इस्लामपूरच्या एका कॉलेजात दोन केबली उलट गेलेल्या नशिबानं माझ्याच लक्षात आल्या, आणि माझंच लक्ष नसणार असं म्हणून मी स्वतःला बोल लावून गप्प बसले होते.

तर आवटी मॅडमनी ती काळी केबल हातात घेऊन वाकवून बघितली. म्हणाल्या, "अण्णा, दोन रांगांच्या मध्ये गार हवेसाठी मोकळी जागा सोडायची आहे. वरून फिरून पलीकडं जाईपर्यंत ही पुरेल?"

अण्णा म्हणाले, रांगा जवळ घेऊ. मॅडम म्हणाल्या, मग मशीनी तापतील. अण्णा म्हणाले, थोडी लांबीची पण मिळते बाजारात. मला घेरी यायची तेवढी राहिली. मागं मीच त्यांना हे विचारलं होतं, तेव्हा माझ्यावर खेकसले होते, बाजारात मिळतं म्हणून उंदराचं औषध खातीस काय!

मॅडमनी केबल टेबलावर ठेवली. सोमवारी मी ऑर्डर घालणार, तोवर पक्कं सांगा, एवढंच म्हणाल्या. मग आम्ही उठल्यावर हळू आवाजात मला म्हणाल्या, "वहिनी, संचालक वाटच बघतायत माझं कुठं चुकतंय याची. एवढं सांभाळा."

खाली येऊन मी स्कूटर काढली. तेव्हा काही दिवसांपासून स्कूटर मीच चालवायची, त्यांची पाठ धरत होती म्हणे. वाटभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू. फायबर फायबर करत माझं डोकं खाल्लंत, पोरीच्या लग्नात व्याह्यांना फायबर समजावत बसलात, आणि आता ऐन वेळी कुठून आलं हे तांब्याचं प्रेम? तुमचा शब्द गेला तर एक वेळ ठीक, त्या बाईंचा शब्द जाईल त्याचं काय? सिग्नलला मी वळून बघितलं तर ते दुसरीकडंच कुठंतरी बघत होते, हरवल्यासारखे.

खरं सांगायचं तर माझा राग निव्वळ केबलीचा नव्हता. आदल्याच दिवाळीत पाडव्याला मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं होतं, मला जांभळी साडी आणा. आजवर आणतील ती नेसले. तर हे दुकानात एकटे जाऊन मोठ्या दिमाखात घेऊन आले ती शेवाळी. तळ्याच्या काठावर असतं ना, तसं शेवाळ. आणि वर हसून म्हणाले, घे तुझी जांभळी. मला वाटलं, दुकानदारानं पडून राहिलेली गळ्यात मारली, आणि आपली चूक झाकायला आता हे चेष्टा करतायत. मी घडी घालून कपाटात खाली ठेवून दिली. ते ओवाळून घेताना हसत होते आणि मी मनात धुमसत होते. बायकोचं एक मागणं लक्षात राहत नाही, मशीनींचे सगळे नंबर मात्र पाठ.

शनिवारी सकाळी मी आवरून अंगणात सतरंजी टाकली. छान कोवळं ऊन होतं. दुकानातली सगळी नमुन्याची फायबर, तपासायची पेटी, भिंग, सगळं मांडलं आणि म्हटलं, या आता बाहेर. आज मला पटवून द्या फायबर का नको ते, नाहीतर सोमवारी मी बँकेत येणार नाही. ते आले, समोर बसले. मी पेटी चालू केली आणि म्हटलं, ती जांभळी द्या इकडं.

त्यांनी हात घातला. अंगठ्यानं केबलीची टोकं चाचपली आणि एक उचलून माझ्या हातात दिली. फिरोजी.

चेष्टा करू नका, म्हटलं. जांभळी द्या. त्यांनी ती परत घेतली, थोडं थांबले आणि दुसरी दिली. तीही फिरोजीच. आणि या वेळी मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करणाऱ्याचं तोंड नव्हतं ते. परीक्षेत उत्तर न आलेल्या पोराचं असतं तसं होतं.

मी हातातली फिरोजी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं आणि कामावर देते तशी हाक दिली.

"जांभळी!"

"जांभळी," अण्णा म्हणाले.

सवयीनं म्हणून गेले. मग माझी शांतता त्यांना ऐकू आली. हातातलं टोक त्यांनी अलगद सतरंजीवर ठेवलं.

"कुठली होती?"

"फिरोजी."

ते बराच वेळ आपल्या तळहातांकडं बघत बसले. उन्हाळ्यातलं ते इस्लामपूर, ही पाठ धरणं, स्कूटर माझ्याकडं देणं, वर्तमानपत्र न उघडता तसंच पडून राहणं, सगळं माझ्या समोरून गेलं. आणि आठवलं की कित्येक दिवसांत पहिली हाक त्यांनी कधी दिलीच नव्हती. कायम मी द्यायची, ते परत म्हणायचे.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"सगळं राखेच्या रंगाचं व्हायला लागलंय. हळूहळू झालं, मलाच आधी कळलं नाही. तांब्याची केबल हाताला कळते, विमल. जाडी कळते, खटका कळतो. तिला रंग लागत नाही आणि भिंगही लागत नाही."

"म्हणून खोलीभर तांबं?"

"मग काय करू? डोळ्यांचं सांगितलं तर ही खोली मला कोण देईल? बाहेर खुर्ची टाकून बसवतील, अण्णा तुम्ही फक्त सांगा म्हणतील. एवढी वर्षं जिची वाट बघितली ती खोली मी बाहेरनं बघू?"

मला राग आला होता आणि मायाही तेवढीच आली होती. चांगलं ओरडावं म्हणून तोंड उघडलं, पण मी त्यांचा हात धरून बसले नुसती. शेजारच्या काकी कुंपणावरून डोकावून गेल्या, बघू देत म्हटलं. या वयात हात धरायचा नाही तर कधी धरायचा.

मग त्यांनी विचारलं, "आणि पाडव्याची साडी? ती कुठल्या रंगाची निघाली?"

हे मात्र मी एका क्षणात ठरवलं. "जांभळी," म्हटलं. "अगदी मला हवी होती तशी."

"मग नेसली नाहीस कधी."

"खोली पुरी होईल त्या दिवशी नेसायची म्हणून ठेवलीय."

"जांभळी," ते आपल्याशीच म्हणाले आणि किती दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

दुपारी जेवण करून मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण फटकळ. डोळ्यांत थेंब टाकले, मशीनवर बसवलं आणि मग मलाच रागावल्या. अण्णांना साखर होती, गोळ्या चालू होत्या, पण त्यात डोळेही दाखवत राहायचं असतं हे आम्हा दोघांच्या गावीही नव्हतं. साखरेनं पडद्यावर घाव घातला होता. आणखी उशीर केला असता तर रंगांवरच भागलं नसतं, म्हणाल्या. लेसर करावं लागेल, इंजेक्शनं लागतील, जे उरलंय ते राखता येईल. गेलेले रंग परत येतील याची आशा धरू नका.

अण्णांनी एकच विचारलं, केबल लावता येईल का. बाई म्हणाल्या, हातानं लावायची ती खुशाल लावा. जिथं बघून लावायचं तिथं दुसऱ्याला बघू दे. परत येताना एसटीत ते खिडकीपाशी बसले आणि सांगलीत उतरल्यावर मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. तिथं म्हणाले, पाणी कसं आहे? मी म्हटलं, गढूळ, चहासारखं. मग हसले. म्हणाले, म्हणजे मला दिसतंय ते बरोबर आहे.

रविवारी आम्ही दोघं बसलो आणि ती खोली पहिल्यापासून परत मांडली. त्यांचं डोकं आणि माझा हात. एकदा लपवायचं संपलं म्हटल्यावर माणूस असा मोकळा झाला की जुने अण्णा परत आले, आणि मला पहिल्यासारखे ओरडायलाही लागले. प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर एक वाटप करणारी मशीन बसवायची, म्हणजे कपाटातली सगळी जोडणी हातभर अंतराची होते, तिथं सगळं तांबं. आणि कपाटांपासून पलीकडच्या रांगेतल्या दोन मुख्य मशीनींपर्यंत तेवढी फायबर, फिरोजी आणि जांभळी. तांब्याच्या जागी तांबं, काचेच्या जागी काच. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. माहीत नसलेलं काहीच नव्हतं त्यात.

पण फायबर लावणार कोण आणि बँकेत सांगायचं काय, हे तसंच राहिलं. मी म्हटलं, मी लावते, मी भिंगातून बघते, हाकही मीच देते, तुम्ही परत म्हणा. बाहेर कुणाला कशाला कळायला पाहिजे? ते आराखड्याची घडी घालत राहिले. मला वाटलं पटलं.

सोमवारी आवटी मॅडमनी आमचा आराखडा बघितला आणि त्यांच्या जिवात जीव आलेला मला दिसला. हे असंच हवं होतं, म्हणाल्या, मग त्या दिवशी काय झालं होतं? मी म्हटलं, वय झालं, हट्टीपणा वाढलाय. मॅडम हसल्या. मग सहज म्हणाल्या, फायबरची टोकं अण्णाच लावणार ना?

"नाही," अण्णा म्हणाले. "ते विमल करेल. मला आता रंग दिसत नाहीत, मॅडम. काही महिन्यांत झालंय. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलाय, तुमच्यापासनं लपवून खोलीत पाय ठेवणार नाही. पुण्याच्या लोकांना द्यायची असेल तर द्या, माझं काही म्हणणं नाही."

माझं म्हणणं होतं. पण मी पदराचं टोक मुठीत धरलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. खोलीतला पंखा फिरत होता, खाली काउंटरवर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. त्यांनी अण्णांना विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. दाखवलं म्हणाले. लेसरची तारीख घेतली का. घेतली म्हणाले. मग त्यांनी आमच्या हाकेच्या पद्धतीबद्दल विचारलं, पुराच्या वर्षी त्यांनी ती ऐकली होती. अण्णांनी सगळं सांगितलं. इस्लामपूरची चूकसुद्धा सांगितली. मी बाजूला बसून ऐकत होते, त्यात माझी चूक नव्हती हे मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कळलं.

"अण्णा, खाली आमची तिजोरी आहे," मॅडम म्हणाल्या. "तिला दोन चाव्या लागतात. एक मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं. एकट्यानं कुणालाच उघडता येत नाही, मॅनेजर झाला म्हणून काय झालं. म्हणून आम्ही मॅनेजरवर अविश्वास दाखवतो का? पद्धत आहे ती. तांब्याची जोडणी तुम्ही करा. फायबरला हाक वहिनी देतील, आणि पलीकडून परत मी म्हणेन."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"बँक माझी आहे ना? मलाही बघू दे वाट कुठून कुठं जाते."

अण्णा उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नाक शिंकरलं. एसीची हवा लागते म्हणाले. तिथं एसी नव्हता, पंखा होता.

माल यायच्या आधी पहिलं लेसर झालं. माल आला आणि आमचं काम सुरू झालं. अण्णा कपाटांपुढं मांडी घालून बसायचे. डोळे चक्क मिटून घ्यायचे, उगाच अर्धवट दिसण्यापेक्षा हे बरं म्हणायचे. डाव्या हातानं खाच चाचपायची, उजव्यानं केबल सरकवायची, खट्ट झालं की हलकेच मागं ओढून बघायची. आली नाही की पुढची. केबलींना वळण असं देत होते की जणू वेणी घालतायत. एकेक कपाट पुरं झालं की उठून त्याच्यावरून हात फिरवायचे. त्या खोलीत ते बाहेर खुर्चीवर नव्हते, आत होते, आणि मला दिवसभर तेवढंच दिसत होतं.

मी फायबरचं टोक भिंगातून बघून, पुसून, हाक द्यायची, "फिरोजी!" पलीकडच्या रांगेतून आवटी मॅडम पदर खोचून उभ्या, त्यांचा आवाज यायचा, "फिरोजी." पहिल्या दिवशी लाजत म्हणायच्या. दोन दिवसांत बँकेतला शिपाई बघायला आला एवढा खणखणीत आवाज लागला. अण्णा मध्ये बसून डोळे मिटून ऐकायचे. एखादी हाक उशिरा परत आली की लगेच म्हणायचे, थांबा, परत बघा. आणि खरंच एकदा मॅडमच्या हातात भलतंच टोक होतं.

खोली चालू करायच्या दिवशी मी कपाटातून ती शेवाळी साडी काढली. नेसून आरशासमोर उभी राहिले. शेवाळीच होती, काय सांगू, आणखीनच शेवाळी वाटली. अण्णा बाहेरून म्हणाले, नेसलीस का? नेसले म्हटलं. आत आले आणि लांब उभे राहून नुसते बघत राहिले. म्हणाले, रंग नाही कळत पण तू दिसतेस.

बँकेत अध्यक्ष होते, संचालक होते, नारळ फुटला. मशीनी चालू झाल्या आणि कपाटांवर बारके दिवे लागले. अण्णांनी माझ्या कानाशी विचारलं, हिरवे आहेत का सगळे? मी एकेक कपाट फिरून बघून आले आणि सांगितलं, सगळे हिरवे. मग मॅडमनी अध्यक्षांसमोर एक मुख्य मशीन मुद्दाम बंद केली. खाली काउंटरवर काम चालूच होतं, कुणाला पत्ताही लागला नाही. दुसरी वाट धावली होती. अध्यक्षांनी अण्णांचा हात हातात घेऊन हलवला. अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

चहाच्या वेळी मॅडम माझ्यापाशी आल्या. अण्णा शेजारीच उभे, बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवत. मॅडम म्हणाल्या, "साडी छान आहे हं वहिनी. नवीन वाटतं?"

"पाडव्याची. यांनी आणली," मी म्हटलं. मग त्यांच्या डोळ्यांत बघून एकेक अक्षर नीट म्हटलं. "जांभळी."

मॅडमनी माझ्या साडीकडं बघितलं. अण्णांकडं बघितलं. खोलीत म्हणायच्या तशाच खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "जांभळी."

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी स्कूटर चालवत होते, अण्णा मागं, हात माझ्या खांद्यावर. स्टेशन चौक मागं पडल्यावर ते म्हणाले, मॅडम भल्या बाई आहेत. हो म्हटलं. थोडं पुढं गेल्यावर माझ्या कानापाशी वाकून म्हणाले, "शेवाळी शोभते म्हणे गव्हाळ रंगावर."

मी करकचून ब्रेक दाबला.

"कोण म्हणालं?"

"साडीवाला. लेसर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आलो होतो. म्हणाला, अण्णा, तुम्ही शेवाळीच उचललीत, मी दोनदा विचारलं जांभळी दाखवू का म्हणून, तुम्ही म्हणालात हीच जांभळी."

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?"

"तू साडीची हाक दिली होतीस, विमल. अंगणात. मी परत म्हटली." त्यांनी खांद्यावरचा हात किंचित दाबला. "आपल्यात एकदा परत म्हटली की जोड लागली. मग काढायची नसते."

मागून एक रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मला समोरचं काही धड दिसेना, म्हणून स्कूटर कडेला घेतली. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरं वाजत होती, पण त्यांना साखर, म्हणून आम्ही तसेच उभे राहिलो. ते म्हणाले, चल आता, अंधार व्हायच्या आत पोचू. मी जांभळ्या पदरानं डोळे पुसले आणि स्कूटर चालू केली.